रिपोर्ट बघितलास, आता मांड्या बघ

प्रिय डॉक्टर,

सत्तरीच्या आजोबांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, "ट्रायग्लिसराइड 260, एचडीएल 34. आजोबा तर बारीक आहेत. सर, गोळी कोणती देऊ?" चरबी जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी, खरंय. गोळीचं बघू. आधी मला सांग, आजोबा खुर्चीतून उठतात कसे?

अगं, हा प्रश्न विषय सोडून नाही. रक्तातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम स्नायूंतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवरही असतं. माणूस दिवसभर बसून राहिला की तिथलं काम मंदावतं आणि चरबी रक्तात फिरत राहते. म्हणजे त्या 260 मध्ये जेवणाचा वाटा आहे तसा न वापरलेल्या मांड्यांचाही असू शकतो.

दुसरी बाजू पेशीच्या आतली. जोर लावला की स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, खर्ची पडतं, थांबलं की पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ते पुन्हा भरून काढतात. भरायला किती वेळ लागतो हे एमआर स्पेक्ट्रोस्कोपी या एमआरआयसारख्या तपासणीने सुई न टोचता मोजता येतं. अमेरिकेत बाल्टिमोरला 1958 पासून चालू असलेल्या वार्धक्याच्या दीर्घ अभ्यासात वयाबरोबर हा वेग घटलेला दिसला. येल विद्यापीठाच्या गटाने 2003 मध्ये निरोगी, सडपातळ म्हाताऱ्यांची तरुणांशी तुलना केली, तर म्हाताऱ्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं काम सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतं आणि स्नायूत व यकृतात चरबी जास्त होती.

मग चरबी साचल्यामुळे ऊर्जा घटली, की ऊर्जा घटल्यामुळे चरबी साचली? यावर अजून वाद आहे, तेव्हा पेशंटसमोर छातीठोक बोलू नकोस. कसलेल्या धावपटूंच्या स्नायूतही चरबी भरपूर सापडते आणि तरी ते इन्शुलिनला, म्हणजे साखर पेशीत घ्यायला लावणाऱ्या संप्रेरकाला, उत्तम दाद देतात. साठा रोज वापरला जातो की नुसता पडून राहतो, यावर बरंच काही ठरतं.

"आजोबा तर बारीक आहेत" असंही तू लिहिलंयस. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा 2004 चा 'लॅन्सेट'मधला फोटो काढून बघ. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. आपल्याकडचा बारीक माणूस बघून निर्धास्त होऊ नये ते यासाठीच.

तर आता खुर्ची. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. हाताची घडी छातीवर ठेवून पाच वेळा उठा-बसा करायला सांग आणि घड्याळ लाव. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर वयाने स्नायू झिजण्याच्या आशियाई निकषांप्रमाणे सावध व्हायचं. सेकंदांइतकंच उठणं बघ: तिसऱ्या वेळेला अंग पुढे झुकतं, घडी सुटते आणि हात आपसूक गुडघ्यावर जातो. आजोबा म्हणतील, "पाय जरा भरून आलेत, बाकी काही नाही." ते "बाकी काही नाही" केसपेपरवर लिही. मुठीची ताकद मोजायचं यंत्र मिळालं तर पुरुषांना 28 आणि बायकांना 18 किलोच्या खाली कमकुवत समजतात.

आता गोळी. हृदयासाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लागत असेल तर जरूर दे, पण त्याने मांड्यांत बळ येईल अशी आशा दाखवू नकोस. आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कर. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही ढिले पडतात, आणि अशा पेशंटला स्टॅटिनने अंगदुखीही लवकर होते. साखर, मैदा, दारूची चौकशी कर. रात्री चहा-बिस्किटावर झोपणारे आजोबा प्रथिनं कुठून आणणार, तेही विचार. मात्र प्रथिनं वाढवायची ती क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, बघूनच.

आणि व्यायाम म्हणजे नुसतं फिरणं नव्हे, वजन उचलायला लाव. "या वयात?" असं घरचे म्हणणारच. बोस्टनमध्ये 1990 साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. माणसं दहाच, मान्य. पण तुझे आजोबा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

टीएसएच आलं की कळव, आणि सोबत खुर्चीचे सेकंदही.

तुझे सर