वाचक विचारतात : ड्राफ्टआधी एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) संघ खेळाडू कसा पारखतात?

प्रश्न : २०२४ च्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधी कॉलेज खेळाडूंच्या चाचण्यांचा मेळावा) झेव्हियर वर्दीने ४० यार्डांची धाव ४.२१ सेकंदांत पूर्ण करून विक्रम केला. तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तो २८ वा गेला. असे का?

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन भरते, तोवर संघांचे बरेचसे मत बनलेले असते. विभागीय स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) आदल्या ऑगस्टपासून कॉलेजांत फिरत असतात. तिथल्या प्रशिक्षकांना भेटतात, सराव पाहतात, अहवाल लिहितात. मग तोच खेळाडू दुसरा स्काउट स्वतंत्रपणे पाहतो. कम्बाइनचे आकडे या मताची फेरतपासणी करण्यासाठी असतात. वर्दीचा वेग सामन्यांच्या चित्रणात आधीच दिसत होता. त्याचे वजन मात्र सुमारे १६५ पौंड, म्हणजे रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) म्हणून फारच कमी. अंगाला भिडणाऱ्या बचावपटूसमोर तो टिकेल का, हे घड्याळ सांगू शकत नाही.

आकडा वाचतानाही खेळाडूची जागा पाहावी लागते. लाइनमनला (पुढच्या रांगेत समोरच्याशी भिडणाऱ्या खेळाडूला) सामन्यात सरळ ४० यार्ड धावण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून त्याच्या पहिल्या १० यार्डांची वेळ जास्त मोलाची. बेंच प्रेसमध्ये २२५ पौंड (सुमारे १०२ किलो) जितक्या वेळा उचलता येतील तितक्या वेळा उचलायचे असतात. लांब हातांच्या खेळाडूला प्रत्येक वेळी वजन जास्त अंतर ढकलावे लागते, त्यामुळे त्याची संख्या कमी भरते. टॅकलला (रांगेच्या कडेच्या लाइनमनला) तर लांब हातच हवे असतात! नुसती संख्या पाहणारा इथे हमखास फसतो.

प्रश्न : चित्रणात स्काउट नेमके काय शोधतात?

मैदानावरचे सगळे २२ खेळाडू एकाच चौकटीत दिसतील असे चित्रण वापरतात, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. गाजलेले क्षण बाजूला ठेवून पूर्ण सामने पाहायचे, आणि निवडही तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांची करायची. क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) असेल तर पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर तो काय करतो, बचावपटू अंगावर येताना पाय जागेवर राहतात की भरकटतात, थर्ड डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) लांब अंतर बाकी असताना चेंडू कुठे टाकतो, हे पाहायचे. अनेक कॉलेजांचे डावपेच त्याला आखूड, सोपे पास मिळवून देतात. त्यातून पास पूर्ण होण्याची टक्केवारी फुगते, म्हणून असे पास वेगळे काढूनच ती वाचावी.

प्रश्न : कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजने आपल्याच मैदानावर भरवलेल्या चाचण्यांना) खेळाडूंच्या वेळा सुधारतात. त्या खऱ्या मानायच्या का?

जपून. तिथे वेळ बहुधा हातातल्या घड्याळाने घेतात, आणि असे घड्याळ सहसा किंचित उशिरा सुरू होते. मैदान ओळखीचे, पृष्ठभागही वेगळा. म्हणून संघ स्वतःच्या माणसांनी घेतलेल्या वेळाच धरतात आणि त्यांतही दुरुस्ती करतात.

प्रश्न : पहिल्या फेरीतला समजला जाणारा खेळाडू अचानक तिसऱ्या फेरीपर्यंत का घसरतो?

बाहेरून न दिसणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे वैद्यकीय अहवाल. आमच्या मते कम्बाइनचा सर्वांत मोलाचा भाग हाच. संघांचे डॉक्टर गुडघे, खांदे, पाठ स्वतः तपासतात, एमआरआय पाहतात. शस्त्रक्रिया झालेला गुडघा आज मजबूत असेल. पण कूर्चा झिजलेली असेल तर पहिल्या कराराची चार वर्षे तो टिकेल का, हा प्रश्न उरतो. एका संघाचे डॉक्टर नाव यादीतून काढायला सांगतात, दुसऱ्यांना तोच धोका पत्करण्याजोगा वाटतो. दुखापत बरी होत असेल तर एप्रिलमध्ये फेरतपासणी होते.

शंका उरलीच, तर प्रत्येक संघाला ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावता येते. या भेटीत मैदानावर चाचणी घ्यायला मनाई आहे, डॉक्टरांची तपासणी मात्र चालते. प्रशिक्षक फळ्यावर एखादा डाव शिकवतात, मध्येच दुसरे विषय काढतात आणि थोड्या वेळाने तोच डाव खेळाडूला नावांसकट पुन्हा मांडायला लावतात.