दहा अंशांचा नियम आणि मे महिन्यातली केळी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. बी.एस्सी.ला शिकवलं होतं की तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट होतो. मग चोपड्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा केळी दुप्पट वेगाने वाढायला हवी, ती तर होरपळते. पत्र्याच्या खोलीतली इन्व्हर्टरची बॅटरी मात्र दोन वर्षांत बसली, आणि गोठ्यामागे निंबाखाली असलेला गोबरगॅस डिसेंबरात निम्म्यावर येतो. हे सगळं एकाच नियमात बसतं का, आणि बसत नसेल तर तो नियम शिकवतात कशाला, असं तुम्ही विचारलंय.

बरंचसं बसतं. फक्त तो नियम कुठल्या क्रियेला लावतोय आणि तापमान नेमकं कशाचं धरतोय, या दोन ठिकाणी आपण फसतो. मी यावल तालुक्यात जवळपास तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, घरची थोडी केळी आहे, आणि या दोन्ही ठिकाणी मी स्वतः फसलोय. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी नियमाचं. 27 अंशांवरून 37 वर गेलो तर रेणूंची सरासरी ऊर्जा किती वाढते? केल्विनमध्ये बघा: 300 चे 310. म्हणजे जेमतेम 3 टक्के. तीन टक्क्यांत वेग दुप्पट कसा होईल, असं वर्गात एखादं पोरगं विचारायचंच, आणि विचारलं की मला बरं वाटायचं. उत्तर असं की सरासरी रेणू क्रिया करतच नाही. क्रिया करतो तो एखादाच, ज्याची धडक ठरावीक उंबरठ्याच्या वर जाते. या उंबरठ्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ती मोलला 53 किलोज्यूल धरली, तर 300 केल्विनला 1000 कोटी धडकांमागे सहाच्या आसपास धडका उंबरठा ओलांडतात. 310 ला बारा. सहाचे बारा झाले, वेग दुप्पट झाला. बाकीचे कोट्यवधी होते तिथेच. स्वीडनच्या अर्‍हेनियसने 1889 मध्ये हे समीकरणात बसवलं. म्हणजे 'दुप्पट' हा काही निसर्गाचा कायदा नव्हे. उंबरठा साधारण 50 किलोज्यूलच्या आसपास असला तर दुप्पट, जास्त उंच असला तर तिप्पट-चौपट. पुस्तकात नुसतं 'दुप्पट' छापतात आणि पोरं तेच घेऊन बाहेर पडतात.

हा नियम जसाच्या तसा जिथे चालतो ती तुमची बॅटरी. शिसे-आम्लाच्या बॅटरीत आत जाळीचं गंजणं सतत चालू असतं. त्याला जिवंतपणाचं काही देणंघेणं नाही, गरम होईल तितकं ते जोरात चालतं. म्हणून या धंद्यातला ठोकताळा असा की 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य निम्मं. पत्र्याच्या खोलीत ती उन्हाळाभर चाळिशीच्या पुढे उकडत असणार. मीही अगदी हेच केलं होतं. घरात जागा अडते म्हणून बॅटरी माळ्यावर, पत्र्याखाली ठेवली आणि वर दुकानदारालाच बोल लावला. नवीन आणाल ती उत्तरेकडच्या भिंतीला जमिनीवर ठेवा, हवा खेळती असेल अशी. बायको कुरकुर करेल, करू द्या.

आता केळी. इथे गोष्ट बदलते, कारण जिवंत पेशीत क्रिया विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, हाताने होते आणि विकर हे प्रथिन आहे. अंड्याचा बलक आणि पांढरं आठवा. तव्यावर पांढरं घट्ट होतं आणि परत कधी पातळ होत नाही. विकराचं असंच काहीसं, फक्त बर्‍याच विकरांचं हे बिघडणं अंड्याच्या पांढर्‍याच्या आधीच सुरू होतं. तापमान वाढतं तसा वेग वाढत जातो, एका टप्प्याला शिखर गाठतो आणि पलीकडे कडा आहे. ज्या चढावर आपण 'दुप्पट, दुप्पट' मोजत गेलो तो चढ तिथे संपतो. हा कडा सगळ्यांचा एकाच ठिकाणी नसतो, हेही खरं. आपल्या अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. जगात अशा झर्‍यांत, 70 अंशांच्या पाण्यात मजेत राहणारे जिवाणू सापडले आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झर्‍यातल्या एका जिवाणूचं विकर तर इतकं टणक निघालं की कोरोनाच्या वेळी ज्या पीसीआर तपासणीचं नाव घरोघरी झालं, ती मुळात त्या विकरामुळे सोपी झाली. पण केळी काही उनपदेवची नाही.

केळीला पंचवीस ते तीसच्या आसपास बरं वाटतं. 38 च्या पुढे तिची वाढ थांबल्यासारखीच होते, आणि विकर मरतात म्हणून नव्हे. त्याच्या कितीतरी आधी घरचा हिशोब बिघडतो. दुपारी पान मधल्या शिरेवर दोन्हीकडून खाली मिटतं, तुम्ही पाहिलंच असेल. पाणी वाचवायला ते रंध्रं आवळतं, मग कर्बवायू आत येत नाही आणि अन्न तयार होणं घटतं. श्वसन मात्र दहा अंशांचा नियम अगदी इमानदारीने पाळतं, वाढतच जातं. कमाई निम्मी आणि घरखर्च दुप्पट. झाड दिवसा जे जमवतं ते रात्री जाळतं, कारण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आपल्याकडे रात्रही थंड होत नाही. मे मध्ये घड निसवला तर फण्या बारीक का राहतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

गंमत थंडीची आहे. थंडीत सगळं सावकाश होतं, एवढंच व्हायला हवं ना? मग फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं टिकण्याऐवजी काळं का पडतं? तूप आणि तेल शेजारी ठेवा. हिवाळ्यात सकाळी तूप थिजलेलं असतं, तेल वाहतं. पेशीभोवतीचा पडदा स्निग्ध पदार्थांचाच असतो. गहू-हरभर्‍याचा पडदा थंडीत तेलासारखा पातळ राहतो. केळी पडली उष्ण प्रदेशातली, तिचा पडदा 13 अंशांच्या खाली थिजायला लागतो, फटी पडतात, आतले रस एकमेकांत मिसळतात आणि कापलेलं वांगं पडतं तशी साल काळी पडते. हीच गोष्ट बागेत घडली की आपण चरका बसला म्हणतो. पोंगा, म्हणजे नवं गुंडाळलेलं पान, अडकतो, पानं पिवळी पडतात, सालीखालचा चीक थिजून तपकिरी रेघा उठतात, आणि व्यापारी बांधावर उभा राहून भाव पाडतो. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, लावणार्‍यांना हे मी सांगायला नको. रात्री पाणी द्या, असं जुनी माणसं म्हणतात त्यातही शास्त्र आहे. विहिरीचं पाणी बारा महिने जवळपास वर्षाच्या सरासरी तापमानाला असतं, म्हणून ते डिसेंबरात कोमट लागतं. ते जमिनीला ऊब देतं, आणि ओली माती कोरडीपेक्षा ऊब धरूनही ठेवते.

पिकवणीत तर दोन क्रियांची शर्यतच लागते. रायपनिंग चेंबरला इथिलीन देऊन 16 ते 18 अंश का राखतात? गर मऊ होणं ही एक क्रिया आणि सालीतलं हरितद्रव्य जाऊन पिवळा रंग येणं ही दुसरी. गर गोड आणि मऊ होण्याचा वेग गरमीत वाढत जातो. हरितद्रव्याचं मोडणं मात्र 24 अंशांच्या पुढे अडखळतं. म्हणून उन्हाळ्यात कोंदट वखारीत केळं आतून गच्च पिकतं आणि बाहेरून हिरवंच राहतं. गिर्‍हाईक 'कच्चं आहे' म्हणून सोडून जातं, संध्याकाळी त्याचा चिखल. त्यात केळी स्वतःही श्वसनाने गरम होते. रास घट्ट लावली की मधली फणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते, ती आणखी जोरात श्वास घेते, आणखी तापते. रावेर-सावद्याहून गाड्या भरताना खालून-वरून हवा जायला वाट ठेवतात ती याचसाठी.

इथून माझ्या दुसर्‍या मुद्द्यावर येतो: तापमान कशाचं? भुसावळचा आकडा पेपरात 45 येतो, तो सावलीतला, जाळीदार झडपांच्या पांढर्‍या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर मोजलेला. तुमच्या बागेत त्या पेटीत कुणी राहत नाही. काळ्या जमिनीचा वरचा थर त्याच दुपारी 60 च्या पलीकडे जाऊ शकतो, आणि अर्धा फूट खाली तीच माती कितीतरी थंड असते. एकदा दुपारी दोनला मी ठिबक चालू केलं आणि नळीच्या टोकाचं पाणी सहज हातावर घेतलं. झटकन हात मागे घेतला. उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळीत, सकाळपासून थांबलेलं पाणी होतं ते, आणि मी तेच मुळांशी सोडत होतो. त्या दिवसापासून उन्हाळ्यात ठिबक पहाटे. शेजारी हसले, वाटलं मास्तर रिटायर झाल्यावर झोप उडाली.

हाच उन्हाळा उलट्या कामालाही लावता येतो. रोपवाटिकेचा वाफा भिजवून एप्रिल-मे मध्ये पारदर्शक प्लास्टिकने कडेने मातीत दाबून चार ते सहा आठवडे झाका. वरच्या थरातल्या बर्‍याच बुरशा आणि तणाचं बी कड्यावरून खाली जातं. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं आणि मातीला कमी देतं. माती ओलीच हवी, कोरड्या मातीत बी झोपून राहतं आणि जास्त उष्णता सोसतं.

युरियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक वाक्य: गरम, ओलसर मातीवर नुसता फेकलेला युरिया लवकर फुटतो आणि अमोनिया होऊन उडतो, तेव्हा मातीआड करा किंवा पाण्यातून द्या.

शेततळ्यातले मासे पहाटे मरतात, असं याच धाग्यात दुसर्‍या एका सदस्यांनी लिहिलंय, तेही याच घरातलं. बहुतेक गोष्टी गरम पाण्यात जास्त विरघळतात, साखर घ्या. वायूंचं उलटं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 7.6. तेवढ्याच दहा अंशांत माशाची गरज मात्र दुपटीकडे गेलेली असते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं म्हणून निभतं, रात्रभर शेवाळही श्वासच घेतं. म्हणून घात सूर्य उगवायच्या आधी होतो. लोक विष कालवल्याचा संशय घेतात. खाद्य कमी करा आणि पहाटे तीनपासून पंप लावून पाणी उंचावरून त्याच तळ्यात पडू द्या.

आता गोबरगॅस. त्याच्याआधी आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सांगतो, कारण दोन्हीकडे गोम एकच आहे. बिबड्यांसाठी ज्वारी तीन दिवस भिजत घालायची आणि रोज पाणी बदलायचं. एका वर्षी लग्नघाईत फेब्रुवारीतच घाट घातला. तीन दिवसांनी दळलं, पण आंबटपणाच आला नाही, बिबडे सपक झाले. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर तीच ज्वारी, तेच पातेलं, पण एक दिवस पाणी बदलायचं राहिलं. तिसर्‍या दिवशी झाकण काढलं तर वास असा की कुत्रंही लांबून गेलं. उन्हात नुसतं आंबणं जोरात झालं असं नाही. पातेल्यात अनेक जातींचे जिवाणू असतात, प्रत्येकाची आवडती ऊब वेगळी, आणि पारा हलला की गावाचा सरपंच बदलतो.

तुमच्या टाकीतही दोन टोळ्या आहेत. एक शेण कुजवून आम्लं तयार करते, दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन सोडते. दुसरीला 35 अंशांच्या आसपास आवडतं, 20 च्या खाली ती रेंगाळते, 10 ला जवळजवळ झोपते. पहिली जास्त काटक आहे, ती थंडीतही थोडंफार काम रेटते. गॅस कमी झाला म्हणून आपण जास्त शेण घालतो आणि तिथेच चुकतो. आम्लं साचतात, टाकी आंबते, मग फेब्रुवारीत ऊन तापलं तरी गॅस येत नाही. तेव्हा थंडीत शेण वाढवू नका, उलट जरा कमीच घाला.

कालवण सकाळी घालत असाल तर वेळ बदला. काळ्या ड्रममध्ये पाणी दिवसभर उन्हात ठेवा आणि दुपारी तीन-चारला त्याच पाण्यात शेण कालवा, नेहमीसारखं समसमान. पाणी कोमट हवं, कढत नको. टाकीभोवती जमिनीलगत उसाचं पाचट किंवा कडबा रचा, शेणखताचा ढीग टाकीला लागून केला तर त्याची कुजण्याची ऊबही मिळेल. या सूक्ष्मजीवांना थंडीपेक्षा एकदम होणारा बदल जास्त बाधतो, म्हणून हे सगळं दिवाळीनंतर लगेच सुरू करा, गॅस गेल्यावर नको. आणि तो निंब तोडू नका, उन्हाळ्यात त्याचा उपयोगच आहे. फक्त दक्षिणेकडच्या फांद्या दिवाळीला उतरवा, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन टाकीवर येईल. पाला शेळ्या खातील.