घुबडाचं नाणं खरं की खोटं?

प्रश्न: गड्ड्याच्या जत्रेत एका फिरत्या विक्रेत्याकडून चांदीचं नाणं घेतलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला घुबड. ‘लक्ष्मीचं वाहन’ असं सांगून त्याने ते गळ्यात मारलं. वजन 17.15 ग्रॅम भरतं. घुबडावर छिन्नीचा खोल घाव आहे. नाणं खरं आहे का, हे घरी कसं पाहायचं? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर: लक्ष्मीचा इथे काही संबंध नाही. ही प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या चार द्रख्मांच्या (द्रख्मा हे तिथलं चलन) नाण्याची घडण आहे. बाई म्हणजे अथेना देवी. घुबड मात्र आपल्या पिंगळ्याच्या भावकीतलं. पक्षिशास्त्रात दोघांच्या वंशाचं (जीनसचं) नावही ‘अथेनी’च. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. एक द्रख्मा साधारण 4.3 ग्रॅमचा, म्हणून पूर्ण नाणं 17.2 ग्रॅमच्या आसपास. तुमचं वजन बसतं, पण नकली नाणी करणाऱ्यांकडेही तराजू असतोच.

घनता काढा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता काटा 1.65 दाखवत असेल तर 17.15 भागिले 1.65 म्हणजे 10.39. शुद्ध चांदी 10.49, तांबं 8.96. उत्तर दहाच्या बरंच खाली आलं, तर आत तांबं असण्याची शक्यता मोठी. आधी दोरा हलवून नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर चांगली चांदीही हलकी ठरते. या परीक्षेत नाणं नापास करता येतं, पास करता येत नाही: आजच्या चांदीत केलेली नक्कलही इथे सुटते.

म्हणून पुढे भिंगाखाली कड पाहा. खरं नाणं हातोड्याने ठोकलेलं असतं. कड जाड, वेडीवाकडी, बऱ्याचदा चिरलेली. कडेभोवती सलग शिवण किंवा पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर ते साच्यात ओतलेलं. घुबडामागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं हवीत. इ.स.पू. 5व्या शतकातल्या नाण्यांवर चेहरा बाजूने असूनही डोळा समोरून काढलेला असतो. ती कारागिराची चूक नव्हे.

घावाने किंमत उतरते, पण तो प्राचीनही असू शकतो. चांदीच्या पातळ पत्र्याखाली तांबं दडवलेली नाणी तेव्हाही फिरत, म्हणून घाव घालून आतला धातू पाहत. इ.स.पू. 375 च्या कायद्याने अथेन्सच्या बाजारात सरकारी परीक्षक बसे आणि खोटं नाणं आरपार कापून जप्त करी. घावात लालसर धातू दिसतो का, तेवढं पाहा.

सराफाकडे नेलंत तर कसोटीवर घासू देऊ नका. मशीनवर टंच काढता येतो, पण मशीन फक्त वरचा थर वाचतं. आकडा नेमका 92.5 आला तर शंका घ्या. तो आजच्या दागिन्यांच्या चांदीचा आकडा आहे. चिंच, टूथपेस्ट, रांगोळी, काहीही लावू नका.

प्रश्न: असंच जुनं नाणं शेतात नांगरताना मिळालं तर? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर: 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणं धुऊ नका, आणि ज्या सरीत मिळालं तिथे खुंटी ठोकून ठेवा.