पहाटे चार वाजता बाद

प्रिय मित्रा,

तुझा राग पोचला. अंधार पडत चाललेला, दोन्ही कर्णधार ‘सर, थांबवा आता’ म्हणतायत, आणि तू ‘स्पर्धेच्या नियमावलीत तशी तरतूद नाही’ म्हणून पंच या नात्याने क्रिकेटचा सामना रेटत राहिलास. आता आयोजक विचारतात, पंचाला स्वतःची अक्कल नको का? विषय निघालाच आहे, तर तुला बेसबॉलमधली एक रात्र सांगतो.

18 एप्रिल 1981. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट, मकॉय स्टेडियम. पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध रॉचेस्टर रेड विंग्ज. ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च लीगच्या एकच पायरी खालचं बेसबॉल. दिवे बिघडल्यामुळे खेळ अर्धा तास उशिरा, आठच्या सुमारास सुरू झाला. नेहमीच्या नऊ इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी) संपल्या तेव्हा 1-1. बरोबरी असली की निकाल लागेपर्यंत जादा इनिंग खेळायच्या. एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरने एक रन काढली, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जने ती लगेच फेडून टाकली. पुन्हा बरोबरी! आता आपलीच पोरं आपल्याला मिठी मारणार की बुकलणार, कळेना, असं तो नंतर म्हणाला. गारठा इतका, की खेळाडू मोडक्या बॅटी पिंपात पेटवून शेकत होते.

रात्री 12.50 नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा त्या लीगचा नियम होता. पण पंचांच्या हातातल्या प्रतीत नेमकं तेच कलम नव्हतं. नाही तर नाही, खेळ चालू. लीगचे अध्यक्ष हॅरोल्ड कूपर फोनवर सापडेपर्यंत रात्र सरली. त्यांच्या हुकमावरून बत्तिसाव्या इनिंगनंतर, 4 वाजून 7 मिनिटांनी, खेळ थांबला. 1,740 प्रेक्षकांपैकी 19 उरले होते.

लोक त्या पंचांना हसतात. मला हसू येत नाही. सगळे कंटाळलेत म्हणून सामना गुंडाळण्याचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. तो ज्याच्याकडे होता त्याला गाठेपर्यंत खेळवत राहणं एवढंच त्यांना करता येत होतं. पण तू त्यांच्या पंगतीत बसू नकोस. तुझं प्रकरण नेमकं उलटं आहे. उजेड खेळण्याजोगा आहे की धोक्याचा, हे क्रिकेटच्या कायद्याने दुसऱ्या कलमात पंचांवरच सोपवलंय. आयोजकांच्या झेरॉक्समध्ये ते असो वा नसो. तुझ्याकडे असलेला अधिकार तू वापरला नाहीस, आणि चेंडू एखाद्या पोराच्या तोंडावर बसला असता तर नियमावली पुढे करून भागलं नसतं.

मला त्या रात्रीतलं सगळ्यात मोठं वाटतं ते मात्र नियमाचं नाहीच. बत्तिसाव्या इनिंगला रॉचेस्टरचा जॉन हेल विजयी ठरू शकणारी रन घेण्यासाठी होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचल्यावर रन पूर्ण होते तिकडे, धावला. आउटफिल्डमधून पॉटकेटच्या सॅम बोवेनने चेंडू फेकला. आता त्या पंचाच्या जागी उभा राहून बघ. आठ तास वाकून बघितलंय, बोटं गारठलीत. धावणारा सुखरूप म्हटलं, तर बहुधा सगळेच थोड्या वेळात अंथरुणात. पंचाने त्याला बाद दिलं. आपल्याकडेही शेवटच्या जोडीचं पायचीतचं अपील येतं, तेव्हा मंडपातून चहाचा वास येत असतो. तो वास निर्णयात शिरलाय का, हे फक्त तुलाच ठाऊक असतं.

उरलेला सामना 23 जूनला झाला. मेजर लीगचा संप चालू असल्यामुळे 5,746 लोक आणि पत्रकारांचा ताफा आला. निकाल 18 मिनिटांत! डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट होम प्लेटवर पोचला, पॉटकेट 3-2 ने जिंकलं. एकूण 33 इनिंग, 8 तास 25 मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना. त्या रात्री तिसऱ्या बेसवर खेळलेले बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. विजयी फटका मारणारा कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. असो.

पुढच्या सामन्याआधी एवढं कर: यंदाची नियमावली गेल्या वर्षीच्या प्रतीशेजारी ठेवून ओळीने वाच. नवीन काय आलंय ते सगळेच बघतात, तू गळलंय काय ते बघ. तांत्रिक समितीत त्या दिवशी फोन कोण उचलणार, त्याचं नाव-नंबर टॉसच्या आधी लिहून खिशात ठेव. आणि दोन्ही प्रतींचे फोटो मला पाठव, शेवटच्या पानासकट.

तुझा,
काका