आपलं शोर्ले : कोकमाचा सोडा

चि. चिऊ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. ‘इथे जर्मनीत सगळ्यांच्या वाढदिवसाला आप्फेलशोर्ले असतं. आपल्या मराठी लोकांचं शोर्ले कुठलं? आणि आजीच्या कोकम सरबतात खायचा सोडा टाकला तर ते फसफसेल का?’ शनिवारी तुझ्या बारा मैत्रिणी येणार आहेत, म्हणून उत्तर नीट लिहूनच देते. स्वयंपाकघरात कागद समोर ठेवून तुला करता येईल.

शोर्ले म्हणजे फळाचा रस आणि बुडबुड्यांचं पाणी, साधारण निम्मं निम्मं; आप्फेल म्हणजे सफरचंद. आपल्या घरांत सरबत साध्या पाण्यातच करतात. उन्हातून आलेल्या माणसाला पूर्वी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यायचे. पुढे लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत आलं, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं तर असतंच. फसफसणारं पाणी मात्र आपल्याकडे घरात नव्हतं, ते रस्त्यावर मिळायचं. सोड्याच्या गाडीवर गेलं की गाडीवाला विचारतो, ‘खारा की गोड?’ खारा म्हणजे लिंबू, मीठ आणि सोडा. गोड म्हणजे लिंबू, साखर आणि सोडा. ज्या बाटलीतून तो सोडा ओततो तिच्या गळ्यात काचेची गोटी असते. आतला वायू त्या गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून धरतो, म्हणून वेगळं बूच लागत नाही. गोटी आत ढकलली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि सोडा मोकळा होतो. ही बाटली लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७०च्या दशकात काढली. रामुने या जपानी सोड्याची बाटली तू एशियन दुकानात पाहिली आहेस, ती याच जातीची. तर आपलं शोर्ले म्हणजे घरातलं सरबत आणि गाडीवरचा सोडा एका पेल्यात. त्यात कोकमच सगळ्यात शोभतं. रंग सुंदर, चव आंबटगोड, आणि गाळलेल्या कोकमात गर नसल्यामुळे बुडबुडे टिकतात.

आता खायच्या सोड्याचं. तो टाकलास तर फसफसेल, पण पिण्याजोगं राहणार नाही. खायचा सोडा आणि कोकमातलं आम्ल एकत्र आले की वायू सुटतो, हे खरं. पण तो सुटताना आम्लच खर्ची पडतं, म्हणजे ज्या आंबटपणासाठी आपण कोकम घातलं तोच जातो. मागे खारट, साबणासारखी चव राहते, आणि फेसही मिनिटभरात बसतो. रंगही बिघडतो. कोकमाचा लाल रंग आम्लात लाल दिसतो. आम्ल संपलं की जांभळट होतो, मग मळकट. एका वाटीत दोन चमचे कोकमाचं पाणी घे आणि चिमटीभर सोडा टाकून बघ. बघायला छान आहे. ती वाटी मात्र ओतून द्यायची. बुडबुडे हवे असतील तर ते आधीच पाण्यात भरलेले घ्यायचे. इथून पुढे सोडा म्हणजे तेच पाणी.

पाकापासून सुरुवात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल वाळवली की तिला आमसूल म्हणतात. वाळवताना ती पुन्हा पुन्हा रातांब्याच्याच रसात बुडवून उन्हात घालतात, म्हणून ती काळसर आणि चिकट दिसते. भारतीय दुकानात दोन पाकिटं शेजारी शेजारी दिसतील. काळपट-जांभळी, जरा मऊ असलेली घ्यायची. कडक, तपकिरी झालेली जुनी असतात, त्यांना रंग सुटत नाही. ‘आगळ’ लिहिलेली बाटली उचलू नकोस. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. सोलकढीला तो उत्तम, पण यात घातला तर सगळं खारट होईल आणि कितीही साखर घाल, दुरुस्त होणार नाही.

७५ ग्रॅम आमसुलं एकदाच भरकन धुवून घे. फार वेळ नळाखाली धरलीस तर रंग मोरीत जाईल. अर्धा लिटर कोमट पाण्यात ती तीन तास भिजव. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, आंबट पाणी धातूला लागतं आणि चव कडवट होते. तीन तासांनी हात स्वच्छ धुवून आमसुलं पाण्यातच कुस्कर. बोटांना साल बुळबुळीत लागेल आणि पाणी गर्द डाळिंबी होईल. मग गाळणीत पातळ सुती कापड घालून गाळ. साधारण ४०० मिलिलिटर पाणी मिळेल. कमी भरलं तर सालांवर थोडं पाणी घालून पुन्हा पिळ.

त्यात ३०० ग्रॅम साखर घालायची. इथून पुढचं गॅसजवळचं काम माझं, तू ढवळायला उभी राहा. मंद आचेवर साखर विरघळली आणि एक उकळी आली की लगेच बंद. जास्त उकळलं तर लाल रंग विटकरी होतो आणि चव जॅमसारखी लागते. साखर मोजूनच घाल. गरम पाक चाखून ‘अजून थोडी हवी’ असं वाटतं, पण पाक मुळातच दाट असतो. तो पाचपट सोड्यात जाणार आहे, त्याचा अंदाज चमच्यावर येत नाही. अंदाज घ्यायचाच असेल तर एक चमचा पाक पाच चमचे गार पाण्यात घालून चाख.

आजीच्या सरबतात जिरेपूड असते. ती आपण पेल्यात टाकायची नाही, आणि याचं कारण समजून घे, कारण इथेच बहुतेकांचा सोडा उतू जातो. पाण्यात कोंडलेल्या वायूला बुडबुडा व्हायला कुठेतरी खडबडीत जागा लागते. जिरेपुडीचा आणि मिठाचा प्रत्येक कण म्हणजे तशी जागा. चमचाभर पूड सोड्यावर टाकलीस तर हजारो बुडबुडे एकदम उठतात, फेस टेबलावर येतो आणि पेल्यात उरतं ते गोड, सपाट पाणी. म्हणून एक छोटा चमचा जिरं कोरडं भाजून जाडसर कुट, कापडाच्या पुरचुंडीत बांध आणि गरम पाकात अर्धा तास सोडून काढून घे. मीठही, पाव छोटा चमचा, पाकातच पूर्ण विरघळव. मीठ साधंच घे. काळं मीठ मला आवडतं, पण त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास असतो. सवय नसलेल्या मुली पहिल्या घोटालाच पेला खाली ठेवतील.

एवढा पाक ५८० मिलिलिटरच्या आसपास भरतो, म्हणजे १९ पेले. तुम्ही तेरा जणी, सहांना दुसऱ्यांदा मिळेल. पाक पूर्ण गार करून काचेच्या बाटलीत भर, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

पाण्याच्या बाटल्यांवर इथे तीन प्रकार लिहिलेले असतात : क्लासिक (भरपूर वायू), मेडियम (कमी वायू) आणि श्टिल (वायू नाही). आपल्याला क्लासिक हवं. मेडियममध्ये वायू आधीच कमी, पाक मिसळल्यावर तो जाणवतही नाही. टॉनिक वॉटर चुकूनही नको, त्यात क्विनाइन असतं, ते कडू लागतं आणि मुलांसाठी नाही. लेमोनेड नको, साखर दुप्पट होईल. आणि एक गोष्ट मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते : इथे ज्या बाटलीवर ‘अल्कोहोलफ्राय’, म्हणजे अल्कोहोलमुक्त, लिहिलेलं असतं तिच्यात ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतो. म्हणून अल्कोहोलफ्राय झेक्ट (फसफसणारी वाइन) घालून मुलांचं पेय करायचं नाही. पाणी, साखर, कोकम एवढंच पुरे.

०.७५ लिटरच्या चार काचेच्या बाटल्या आण. मोठ्या बाटलीपेक्षा लहान बऱ्या, कारण दर वेळी झाकण उघडलं की थोडा वायू जातोच. बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हव्यात. शून्य अंशाजवळच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात जेमतेम ०.९ लिटर. म्हणजे कोमट बाटली उघडलीस की निम्मा वायू खोलीत जायला निघतो. घाईघाईने बाटली फ्रीजरमध्येही ठेवू नकोस, गोठून काच फुटते.

पेला पारदर्शक घ्यायचा, स्टीलच्या पेल्यात रंगाची मजा जाते. बर्फाचे चार तुकडे पाण्याखाली क्षणभर धरून मग पेल्यात टाक. फ्रीजरमधून काढलेल्या बर्फावर बारीक दव गोठलेलं असतं, तेही खडबडीत, आणि त्यानेही फेस उसळतो. धुतलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. मग ३० मिलिलिटर पाक, म्हणजे दोन मोठे चमचे. मग पेला तिरपा धरून कडेवरून हळूहळू १५० मिलिलिटर सोडा सोड. पाक जड असतो, तो तळाशी बसतो : खाली गर्द लाल, मध्ये गुलाबी, वर जवळजवळ पांढरं. हे मैत्रिणींना आधी बघू दे. मग लांब दांड्याचा चमचा तळाशी नेऊन पाक एकदाच वर उचल. गरागरा ढवळायचं नाही, ढवळण्याने वायू निघून जातो. क्रमही उलटा करायचा नाही. सोड्यावर पाक ओतला तर तो खाली जाताना सगळा सोडा घुसळत जातो.

वर पुदिन्याचं एक पान. ते चुरायचं नाही, चुरलेलं दातात अडकतं. दोन तळव्यांत ठेवून एक टाळी वाजव, वास तेवढ्याने सुटतो. सब्जा हवा असेल तर एक छोटा चमचा सब्जा कपभर पाण्यात २० मिनिटं भिजवून, पूर्ण फुगल्यावरच घाल. कोरडा कधीही नाही, तो घशात फुगतो. तुझ्या मैत्रिणीचा, अन्याचा, धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे, त्याला सब्जा नको, बर्फ नको आणि बुडबुडेही नकोत. त्याचा पेला साध्या पाण्यात कर, रंग सगळ्यांसारखाच दिसेल.

तेरा पेले आधी भरून ठेवू नकोस, दहा मिनिटांत सपाट होतील. पेल्यांत पाक आधी घालून ठेवायला हरकत नाही, बर्फ आणि सोडा मैत्रिणी बसल्या की. मोठ्या भांड्यात एकदम मिसळणं तर नकोच, आणि मिसळलेलं पेय थर्मासमध्ये घट्ट बंद करणं त्याहून नको, आत दाब वाढतो आणि झाकण उडतं. कुणाला कोकम फार आंबट लागलं तर साखर न घालता सोडा थोडा वाढव. पन्ह्यातही सोडा घालतात, पण कैरीचा गर फेसाबरोबर वर येतो आणि तिथेच राहतो. सोलकढीत तर नाहीच, नारळाचं दूध फाटल्यासारखं दिसतं.

कपड्यावर सांडलं तर लगेच गार पाण्याने धुवायचं, वाळलं की डाग बसतो. पांढरा टेबलक्लॉथ काढून ठेवते.

नाव विचारलं तर ‘कोकम’च सांग. ‘को’ आणि ‘कम्’, त्यांना सहज म्हणता येईल. गाळून उरलेली सालं फेकू नकोस, त्यांत अजून आंबटपणा असतो. रविवारी तुरीच्या आमटीत जातील. शुक्रवारी शाळेतून आलीस की दप्तर ठेवून आधी आमसुलं भिजत घाल. पाकीट वरच्या कपाटात डावीकडे आहे, वजनकाटा त्याच्या खाली.

तुझी
आई