व्यवसाय कराची सवलत पगारचिठ्ठीत कशी तपासाल?

प्रश्न : मी नागपुरात एका खासगी दवाखान्यात काम करते. एकूण पगार २२ हजार. दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. बायकांना तो माफ आहे ना? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : तुमच्या पगारावर तो माफ आहे, ही कपात चुकीची आहे. २०२३-२४ च्या राज्य अर्थसंकल्पात महिलांसाठी करमाफीची मर्यादा दरमहा १० हजारांवरून २५ हजारांवर नेली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. पुरुषांचा पगार १० हजारांच्या वर गेला की अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापले जातात. यापेक्षा जास्त व्यवसाय कर लावायला राज्यघटनेच्या कलम २७६ ची मनाई आहे.

चूक बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. जुने टप्पे तसेच राहतात किंवा नोंदीत 'महिला' लिहिलेलं नसतं. दुसरी चूक दिवाळीत होते. बोनस धरून आकडा २५ हजारांवर गेला म्हणून त्या महिन्यात कर कापतात. हे साफ चूक आहे, कारण १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येत बोनस आणि ग्रॅच्युइटी येतच नाहीत. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असे नियमित भत्ते मात्र धरले जातात. शिवाय पाहायचा तो एकूण पगार. पीएफ कापून हातात २४ हजार पडत असले, पण एकूण पगार २६ हजार असला, तर कर द्यावाच लागतो.

एप्रिलपासूनच्या पगारचिठ्ठ्या काढा, कापलेल्या रकमेची बेरीज लिहून लेखा विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मार्च उजाडायच्या आत द्या. मालकाने वर्षाचं विवरणपत्र भरून टाकलं की दुरुस्ती रेंगाळते. २२ हजारांत घर चालवणाऱ्या बाईने हे पैसे सोडून देऊ नयेत.

प्रश्न : अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मंजूर होतो. मग डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुन्हा पैसे कसले मंजूर करतात?

उत्तर : त्या पुरवणी मागण्या. मार्चमध्ये केलेली तरतूद अपुरी पडली किंवा नवा खर्च उभा राहिला, की राज्यघटनेच्या कलम २०५ नुसार सरकारला विधिमंडळाची मंजुरी घ्यावी लागते. पण मंजुरी मिळाली म्हणजे पैसा खात्यांकडे पोचला असं नव्हे. वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने सोडतो. म्हणून आपल्या योजनेसाठी किती मंजूर झाले एवढंच विचारू नका, किती वितरित झाले तेही लोकप्रतिनिधींना विचारा.

प्रश्न : बँकेत केवायसी झाली आहे, तरी लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये खात्यात दिसत नाहीत.

उत्तर : आधी खातं तपासा. बँकेची केवायसी वेगळी आणि थेट लाभासाठी आधार सीडिंग, म्हणजे खात्याशी आधार क्रमांक जोडणं, वेगळं. सर्वांत शेवटी ज्या खात्याशी आधार सीड झालं, तिथेच पैसा जातो, मग ते खातं तुम्ही विसरूनही गेला असाल. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती पाहा. त्यासाठी ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं, तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज भरा. बँक बरोबर निघाली, तर योजनेच्या संकेतस्थळावरची स्वतंत्र ई-केवायसी राहिली आहे का ते बघा.