वाचकांचे प्रश्न : स्क्रीनवर उजळ, कागदावर काळवंडलेलं

प्रश्न : किनाऱ्यावरच्या होड्या आणि पहाटेचं धुकं असलेल्या फोटोची २४ बाय १६ इंचांची प्रिंट काढली. होड्या काळ्याकुट्ट आल्या, आकाशात पट्टे उमटले. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. तो कमी पडला का?

उत्तर : नाही. तुमच्या फोटोच्या रुंदीतले ६००० पिक्सेल २४ इंचांत बसवले की इंचाला २५० पडतात. भिंतीवरच्या फोटोला ते भरपूर झाले. काळेपणाचं मूळ बहुधा मॉनिटरच्या जास्त उजेडात आहे. तो १०० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास आणा. ज्या कागदावर छापणार त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतील हे सांगणारी फाइल) लॅबकडून मागवून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज, बघा, मग फक्त सावल्या थोड्या उजळवा. होडीच्या फळ्यांमधल्या फटी दिसायला लागल्या की थांबा, नाहीतर धुकं मळकट दिसतं.

पट्टे पडतात ते कमी छटा साठवणाऱ्या ८ बिट जेपेगवर आकाशाचा कॉन्ट्रास्ट फार ताणल्यामुळे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) असेल तर १६ बिटमध्ये नव्याने काम करा. धुक्याला मॅट कॉटन कागदच शोभतो. ग्लॉसीवर खिडकीचं प्रतिबिंब पडून त्याची कोवळीक मरते. मात्र मॅटवर काळा रंग तितका गडद येत नाही. म्हणून मोठ्या प्रिंटआधी होडी आणि आकाश दोन्ही येतील अशी छोटी पट्टी छापून दिवसाच्या उजेडात तपासा. फ्रेम करताना काच प्रिंटला टेकू देऊ नका, दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते. मधे माउंटबोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला.